बाईंनी लिहिलेला दुकानाचा इतिहास

पुस्तक विकलं गेलं की बाई ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देत, पण गुंडाळण्याआधी ते पान स्वतः वाचून घेत. त्यावर खून असेल, अपघात असेल, निधनवार्ता असेल तर ते पान बाजूला जाई आणि दुसरं निघे. गिऱ्हाईक ताटकळत उभं असे, कधी त्याची एस.टी. सुटायच्या बेतात असे. बाईंना घाई नसे. शेवटी एखादं शेतीसल्ल्याचं, नाहीतर लोणच्याच्या पाककृतीचं पान हाती लागलं की त्या समाधानाने पुडकं बांधत आणि म्हणत, "घरात जाणारी वस्तू चांगल्या बातमीत गेली पाहिजे, बाप्पा."

यवतमाळातलं आमचं दुकान म्हणजे ख्रिस्ती पुस्तकं छापणाऱ्या आणि विकणाऱ्या एका जुन्या संस्थेची शाखा. मुख्य कचेरी दूर, मोठ्या शहरात. इथे पुढे दुकान, मागे गोदाम आणि मध्ये एक अंधारी खोली. त्या खोलीत संगणकावर बसून मी लहान पुस्तकं जुळवायची, मुद्रितं तपासायची. मी महागावकडच्या एका तांड्यातली, बंजाऱ्याची मुलगी. मराठी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन यवतमाळला आले आणि सावलीत बसून करता येईल असं काम शोधत होते. ख्रिस्ती धर्माबद्दल मला नाताळच्या केकपलीकडे काहीच ठाऊक नव्हतं, आणि मुलाखतीत मी ते सांगूनही टाकलं. बाई म्हणाल्या की ते हळूहळू कळेल, ऱ्हस्व-दीर्घ कळतं का तेवढं सांग.

बाई उंच, काटक, सत्तरीला टेकलेल्या. गडद रंगाची सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि गळ्यात दोन दोऱ्यांना लटकलेले दोन चष्मे. एक पुस्तकासाठी, दुसरा माणसासाठी. कोणी उंबऱ्यावर आलं की त्या पुस्तकाचा चष्मा काढून माणसाचा लावत आणि आलेल्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेत. नवखा माणूस त्या नजरेनेच अर्धा मेटाकुटीला येई. त्यानंतर चौकशी सुरू होई. पुस्तक कोणासाठी, तो वाचतो की नुसता ठेवतो, घरात उजेड कुठल्या बाजूने येतो, मोठ्याने वाचणार की मनातल्या मनात. एका नवरदेवाला त्यांनी संसारावरचं पुस्तक दिलंच नाही. आधी सहा महिने संसार कर, मग ये, तेव्हा ते समजेल, असं सांगून त्याला परत पाठवला. तो खरंच आला. बायकोला घेऊन आला, आणि पुस्तकातलं एक वाक्य चूक आहे म्हणून बाईंशी तासभर भांडला. बाई त्या दिवशी फार खुशीत होत्या.

एकदा राजूरच्या कोळसा खाणीतला एक कामगार आला. धिप्पाड, मिशीवाला माणूस. त्याला शास्त्र हवं होतं. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मग्रंथाला शास्त्र म्हणतात. त्यातही त्याला दुकानातलं सर्वांत जाड, सोनेरी कडांचं शास्त्र पाहिजे होतं. बाईंनी कारण विचारलं. त्याचा आणि त्याच्या भावाचा बांधावरून वाद होता, आणि चार लोकांसमोर या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असं ठरलं होतं. ग्रंथ जितका जाड तितकी शपथ पक्की, असा त्याचा हिशेब.

बाईंनी शास्त्र कपाटात परत ठेवलं. "यातच लिहून हाय, शपथ घेऊच नोको म्हणून," त्या म्हणाल्या. "व्हय असन तर व्हय म्हण, नाही असन तर नाही म्हण. तेवढ्याले पुस्तक कायले पाहिजे तुले?"

तो माणूस गोंधळला. काउंटरवर हात ठेवून त्याने विचारलं, की मग यात आणखी काय लिहिलंय. बाईंनी त्याला एक पातळ पुस्तिका दिली, दोन भावांच्या गोष्टीची. बांधाचं काय झालं ते आम्हाला लगेच कळलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला, भावाला घेऊन. दोघांनी मिळून लेकरांसाठी अंकलिपी घेतली.

गोदामात पुस्तक सापडेनासं झालं की बाई देवाशी बोलत. आर्जव नसे त्यात, चक्क शेजाऱ्याशी बोलावं तसं. "तू पाहून राह्यला न? मग सांगत काहून नाही?" असं म्हणत त्या गठ्ठे उपसत. पुस्तक सापडलं की वर बघून मान हलवत, जसं काही समोरच्याने जरा उशिराच सांगितलं. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मुद्रितात एखादी चूक हाती लागेना तर मीही तसंच पुटपुटू लागले. माझा देव वेगळा, आम्हा बंजाऱ्यांचा सेवाभाया. पण तक्रार तीच.

बाईंचे वडील याच संस्थेचे पुस्तकविके होते. डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन ते गावोगाव हिंडत. बाईंचं लग्न एका शाळामास्तरांशी झालं, ते फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून बाई दुकानात होत्या. महिन्या-दोन महिन्यांतून मात्र त्यांच्या अंगात वडिलांचं वारं येई. दोन पिशव्या भरून त्या एस.टी.ने मुकुटबनच्या आठवडी बाजाराला जात. मिरची आणि बांगड्यांच्या मध्ये चटई टाकून बसत आणि एखादं पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागत. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक बंद. पुढचं ज्याला हवं त्याने घेऊन जावं. मी एक-दोनदा बरोबर गेले होते. तिथे एक म्हातारा कोलाम आदिवासी दर खेपेला येऊन बसायचा. त्याने कधीच काही विकत घेतलं नाही. तो आला की बाई मागच्या वेळी थांबल्या होत्या तिथून पुढे वाचत. मी म्हटलं, बाई, अशानं तर हा अख्खं पुस्तक फुकटात ऐकेल. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? त्यानं कानानं घेतलं."

दुकानाचा इतिहास बाई प्रत्येकाला वेगळा सांगत. कापूसवाल्या शेतकऱ्याला सांगत की पहिला गोरा साहेब कापसाच्या रिकाम्या परतणाऱ्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, पुस्तकं टाकून आला. मास्तर आले की तोच साहेब शाळा काढायला आलेला असे, आणि खडू नव्हता म्हणून पुस्तक छापायला लागलेला असे. आया-बायांना सांगत की खरं दुकान साहेबाच्या बायकोनेच सुरू केलं, बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी याचं एक छोटं पुस्तक काढून. मी विचारलं की यातलं खरं कोणतं. म्हणाल्या, सगळंच असेल, माणूस एका कामासाठी थोडाच घराबाहेर पडतो. खरी गोष्ट अशी की जुने कागद कोणाकडेच नव्हते. एका पावसाळ्यात गोदामाचं छप्पर गळलं होतं आणि जे होतं नव्हतं त्याचा लगदा झाला होता.

आणि नेमका तोच इतिहास मुख्य कचेरीने मागितला. संस्थेचा मोठा वर्धापनदिन येत होता, स्मरणिका निघायची होती. प्रत्येक शाखेने आपला इतिहास दोन पानांत लिहून पाठवावा, असा निरोप आला. मला वाटलं, बाई एका दुपारीत लिहून टाकतील. पण त्या गंभीर झाल्या. तोंडी सांगणं निराळं, म्हणाल्या, छापायचं म्हटलं की विचारून लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरसमोर एक खुर्ची आली. जो येईल त्याने तीत बसायचं आणि आपल्या घरात या दुकानाचं कुठलं पुस्तक कधी आलं ते सांगायचं. बाई विचारत, मी आत बसून टंकत असे. लोक आधी बुजत, मग थांबत नसत. एक निवृत्त नर्स सांगून गेली की आईच्या गायनाच्या पुस्तकावरच ती अक्षरं शिकली, म्हणून अजूनही वाचताना तिला चाल लागते. दारव्ह्याच्या एका हिंदू शेतकऱ्याच्या घरी आमची आरोग्याची पुस्तिका देवघरात होती. त्याच्या आजीला पटकीच्या साथीत त्यातला मीठ-साखर-पाण्याचा उपाय लागू पडला होता, तेव्हापासून दसऱ्याला पुस्तिकेलाही कुंकू लागत होतं. बाईंना हे फार आवडलं. त्यांनी त्याला विचारलं की छापलं तर चालेल ना, आणि तो म्हणाला की छापा, पण कुंकवाचं विसरू नका.

दुकानात येणाऱ्यांवर भागेना, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. राजूरला गेलो, मुकुटबनला गेलो, आणि एका रविवारी मी बाईंना आमच्या तांड्यावर नेलं. तिथे माझ्या वडिलांची काकी आहे. तिला सगळे याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. तिच्या नवऱ्याने कुठल्याशा बाजारातून आणलेलं एक चित्रांचं पुस्तक तिच्याकडे होतं हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण ते आमच्याच संस्थेचं असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. याडीला वाचता येत नाही. तिने पेटीतून पुस्तक काढलं. कव्हर गेलेलं, कडा उंदराने खाल्लेल्या. बाईंनी पुस्तकाचा चष्मा लावला आणि शेवटचं पान बघितलं. तळाशी आमच्याच संस्थेचं नाव छापलेलं होतं. मग ते पान नुसतं हाताने चाचपत बसल्या.

त्या पुस्तकात हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, धनी बाकीची सोडून त्याच्या शोधात जातो. याडीने चित्राकडे बोट दाखवून ती गोष्ट आमच्या बोलीत सांगितली, पण तिच्या गोष्टीत मेंढरू नव्हतंच. बैल होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरत. तांड्याचा एक बैल घाटात मागे राहिला, नायकाने सगळा तांडा थांबवला आणि स्वतः मागे गेला, असं ती सांगत होती. नायक कोण, घाट कोणता, तेही तिला ठाऊक होतं. मी एकेक वाक्य मराठीत करून बाईंना सांगत गेले. मला धाकधूक होती की आपल्या शास्त्रातली गोष्ट अशी बदललेली ऐकून त्यांना काय वाटेल.

बाईंनी याडीचा हात धरला. "छापलं आम्ही," त्या म्हणाल्या, "पण गोष्ट ह्या घरची झाली. यापेक्षा जास्त काय पाहिजे पुस्तकवाल्याले?"

याडीला मराठी कळत होतं. ती म्हणाली, गोष्ट आमचीच होती, तुम्ही फक्त चित्रं काढली. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या दोन्ही चष्म्यांचा गुंता झाला.

परतीच्या एस.टी.त त्या मी लिहून घेतलेल्या नोंदी चाळत होत्या. आर्णी मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, की आपण इतक्या लोकांना विचारलं, पण दुकानात येऊन पुस्तक घेतलं असं किती जण म्हणाले. मी आठवू लागले. बाजारात, जत्रेत, शाळेच्या दारात, शेताच्या बांधावर, ट्रंकवाल्या माणसाकडून. दुकानाचं नाव क्वचितच कोणी घेतलं होतं.  बाईंच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं नाही.

महिनाभरात मुख्य कचेरीतून सचिव आले. तरुण, अदबशीर माणूस होता. येणार म्हटल्यावरच कारण आम्हाला कळलं होतं. दुकान चालत नव्हतं. फोनवर शास्त्र फुकट वाचता येत होतं, गाणी ऐकता येत होती, आठवड्यात बोटांवर मोजण्याइतके लोक येत. संस्थेने इतर ठिकाणच्या दोन शाखा आधीच बंद केल्या होत्या. चर्चच्या मंडळीतले काही वडीलधारे बाईंच्या बाजूने भांडायला म्हणून आधीच येऊन बसले होते. पाळकसाहेबही आले होते. मी आत संगणकासमोर बसले होते, पण अक्षर टंकत नव्हते. माझी नोकरी जाणार हे मला दिसत होतं. त्याहून जास्त काळजी बाईंची होती. ही जागा गेली तर त्या सकाळी उठून जातील कुठे?

सचिवांनी फार हळुवारपणे सगळं मांडलं. बाईंनी इतकी वर्षं काढली त्याबद्दल संस्था ऋणी आहे, निरोपाचा कार्यक्रम करू, पुस्तकांचा साठा रद्दीत जाणार नाही, दुसऱ्या शाखेत पाठवू. वडीलधाऱ्यांपैकी एकाने बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हाताने त्याला थांबवलं, माणसाचा चष्मा नीट बसवला आणि म्हणाल्या, "दुकान घ्या, साहेब. मले गाडी द्या."

कोणालाच काही समजेना. सचिव म्हणाले, कसली गाडी?

मग बाई बोलल्या, आणि मी त्यांना इतकं सलग बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की इतिहास लिहा म्हणून तुम्हीच सांगितलं, म्हणून मी गावोगाव विचारत फिरले. सुरुवातीची कित्येक वर्षं या संस्थेला इथे दुकानच नव्हतं. बंडी होती, ट्रंक होती, पाय होते. जी पुस्तकं अजून लोकांच्या पेट्यांमध्ये आहेत ती सगळी दारावर गेलेली. दुकान झालं आणि आपण लोकांची वाट बघत बसलो. "आता लोक येत नाहीत म्हणून रडून राह्यलो," त्या म्हणाल्या. "ते पहिले तरी कुठं येत होते? आपणच जात होतो. ही जागा भाड्यानं द्या, त्या भाड्यात एक गाडी चालवा. माह्यात जीव हाय तोवर मी बसते तिच्यात."

सचिवांनी विचारलं, या वयात उन्हातान्हात बाजार झेपतील का. बाई म्हणाल्या की उन्हाचं ऊन बघून घेईल, तुम्ही गाडीचं बघा. वडीलधारे एकमेकांकडे बघू लागले. भांडायचं म्हणून आले होते आणि भांडण उरलंच नव्हतं. सचिवांनी लगेच होकार दिला नाही, कचेरीत विचारावं लागेल म्हणाले. पण जाताना ते दारात थांबले आणि त्यांनी बाईंना विचारलं की तो लिहिलेला इतिहास वाचायला मिळेल का. त्यांनी तो गाडीत वाचत नेला, हे त्यांच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं.

गाडी यायला दिवाळी उलटली. जुनीच होती, कुठल्याशा दवाखान्याने वापरून सोडलेली, बाजूला लाल पट्टा पुसट दिसायचा. दुकानाच्या जागेत मोबाइलचं दुकान आलं. मला भीती होती की बाई त्या रस्त्याने जायचं टाळतील. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन आपला फोन दुरुस्त करून घेतला आणि दुकानदाराला एक दिनदर्शिका विकली. माझं काम घरी आलं. संगणक माझ्या स्वयंपाकघराशेजारी बसला आणि रविवारी मी गाडीबरोबर जाऊ लागले. नवऱ्याने आधी कुरकुर केली. मग एकदा तोच गाडी चालवायला आला आणि पुढे दर रविवारी येऊ लागला.

स्मरणिका आली तेव्हा मी ती अधीरपणे उघडली. यवतमाळच्या वाट्याला अर्धं पान होतं. स्थापना, व्यवस्थापकांची नावं, आणि शेवटी 'सध्या फिरती विक्री सुरू आहे' एवढंच. नर्स नव्हती, कुंकू लावलेली पुस्तिका नव्हती, याडी नव्हती. मला रडूच आलं. बाईंनी ते अर्धं पान दोनदा वाचलं आणि त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नाही म्हणून कचेरीचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, त्यांनी त्यांचा छापला, आता आपण आपला छापू. त्यांनी सचिवांना फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सचिवांनी आडकाठी केली नाही आणि कागद पाठवला.

पुस्तक लहानच झालं. बाईंनी त्यावर लेखक म्हणून कोणाचंच नाव घालू दिलं नाही. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं मात्र आत होती, गावासकट. आम्ही ते आधी त्याच गावांना नेलं. लोक आपलं पान शोधत, सापडलं की शेजाऱ्याला बोलावून दाखवत, घरच्यांसाठी आणखी एक प्रत मागत. याडीने तिचं पान वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि पुस्तक त्याच पेटीत त्या कव्हर गेलेल्या पुस्तकाशेजारी ठेवलं.

महागावच्या बाजारात एक माणूस तावातावाने आला. डोक्याला गमछा, हातात सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी थैली. त्याने पुस्तक चाळून पाहिलं होतं. "माह्या बापानं बी तुमच्याच माणसापासून पुस्तक घेतलंतं," तो म्हणाला. "त्यायचं नाव यात काहून नाही?"

मी समजावू लागले की आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं, आता तर छापून झालं. बाईंनी मला थांबवलं. चटईवर सरकून त्याला जागा करून दिली आणि बसायला लावलं. मग पुस्तकाचा चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याच्या हातातल्या प्रतीचं शेवटचं पान उघडलं. ते कोरं होतं.

"सांग," त्या म्हणाल्या. "बापाचं नाव काय होतं?"

तो सांगत गेला, बाई लिहीत गेल्या. पान भरलं तेव्हा त्यांनी ते त्याला वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्याने गावाचं नाव दुरुस्त करून घेतलं. मग तीच प्रत त्याने विकत घेतली आणि छातीशी धरून गर्दीत निघून गेला. ही बातमी बाजारात फिरली असावी, कारण थोड्याच वेळात आणखी दोघंजण येऊन चटईपाशी उभे राहिले. त्या दिवसापासून आमचं पुस्तक छापताना मी मागे मुद्दाम कोरी पानं सोडते. आता त्याच्या दोन प्रती सारख्या मिळायच्या नाहीत.